आगाशीची सुकेळी आणि हॅम्बुर्गचा काटा

माझ्या नवऱ्याचं, जयवंतचं, म्हणणं असं की भाव करण्यात मला आजवर एकाच बाईने हरवलं, आणि तेही आवाज न चढवता. हे खरं आहे. मी गुहागरची. नाकाच्या शेंड्यावर राग घेऊनच जन्माला आले. लग्न होऊन नव्वद साली विरारला मनवेलपाड्यात राहायला आले तेव्हा त्या गावात माझ्या ओळखीचे दोघंच होते, एक जयवंत आणि दुसरा आमचा स्टोव्ह. तिसरी ओळख झाली ती इझाबेल मावशीची.

स्टेशनच्या पश्चिमेला वाडीवाल्या बायका भाजी घेऊन ओळीने बसायच्या. त्यातली ही सगळ्यात ठेंगणी, लाल लुगड्यातली, पानाने तोंड रंगलेली. मी मेथीची जुडी उचलली आणि दर कमी कर म्हणून हटून बसले. तिने दर काही कमी केला नाही. मूठभर कोथिंबीर आणि दोन मिरच्या मात्र माझ्या पिशवीत टाकल्या.

"मी वर मागितलं नाही, भाव कमी करायला सांगितलं," मी म्हटलं.

"भाव उतरवला तर माझ्या मेथीचा अपमान," ती म्हणाली. "वर दिलं तर तुझा मान. घे गो बाय, घे."

घेतली.

ही वर घालायची रीत तशी सगळीकडेच असते, पण वसईच्या वाडीवाल्यांमध्ये ती रक्तातच आहे. तोलून दिलं की व्यवहार झाला, वर चिमूटभर काही घातलं की ओळख झाली. इझाबेल मावशीच्या हाताला तर ते वळणच होतं. गिऱ्हाईक पहिलं असो, भांडखोर असो, की माझ्यासारखं दोन्ही असो, वर घातल्याशिवाय ती कुणाची पिशवी परत करत नसे. पुढे स्वप्ना झाली. मी बाजार करून येईपर्यंत पोर मावशीच्या मांडीवर असायची, पालकाच्या जुड्यांशी खेळत. परक्या गावात तान्हं मूल निर्धास्त ठेवता येईल अशी एक मांडी मला मिळाली, याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे. हे मी बोलून दाखवलं की ती म्हणायची, "मांडीला काय भाडं पडते?"

तिची वाडी आगाशीच्या अलीकडे, बसच्या रस्त्यापासून थोडी आत. नवरा, आग्नेल, काविळीने लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. वाडी तिची आणि धाकट्या दिराची, बर्नार्डची, सामाईक. चुली दोन, विहीर एक. वाडीत मुख्य पीक राजेळी केळ्यांचं. लांब, जाड, भरदार केळी. ती पिकली की सोलायची आणि उन्हात मांडायची. दिवसभर ऊन द्यायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलून घरात घ्यायची, सकाळी पुन्हा मांडायची. असं आठवडाभर चाललं की केळ्याला मधासारखा रंग येतो आणि गोडी तर मधाच्याही वरची. मग वाळक्या केळीच्या पानात गुंडाळायची आणि केळीच्याच सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने, बांधायची. ही आमची आगाशीची सुकेळी. "आमची" म्हणायचा मला तसा हक्क नाही, पण इतकी वर्षं फुकट खाल्ली आहेत की माझ्यातला निम्मा गोडवा तिथलाच असेल.

पण सुकेळ्यांना दिवस वाईट आले होते. पोरांना कॅडबरी हवी, मोठ्यांना मधुमेह. व्यापारी पडेल भावात उचलायचा. राजेळी धरायला वर्षाहून जास्त घेते आणि पाणी तर हत्तीसारखी पिते. त्याच वेळी आमच्यासारख्यांच्या बिल्डिंगा पूर्वेला उभ्या राहत होत्या, आणि आमचे नळ कोरडे. मग वाड्यांमधल्या विहिरींवर पंप बसले आणि तिथलं गोडं पाणी टँकरने आमच्या टाक्यांत यायला लागलं. बर्नार्डच्या आळीतल्या जवळजवळ प्रत्येकाने विहीर टँकरवाल्याला दिली होती. संग्राम नावाचा एक टँकरवाला बर्नार्डकडेही चकरा मारत होता.

बर्नार्ड वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण तेव्हा मला तो अगदी वाईट वाटायचा. त्याला दोन मुलगे, घराचं छप्पर गळकं, आणि शेजारी रोजच्या रोज रोकडा मोजतायत. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला मी काय खुळा हाय?" तो म्हणायचा. पण विहीर टँकरला गेली की केळी मरणार, आणि केळी मेली की इझाबेल मावशीकडे तिचं म्हणावं असं काहीच उरणार नव्हतं. आग्नेलने लग्नाच्या वर्षी लावलेल्या केळींच्याच पोटची ही केळी होती. त्यांच्याविषयी बोलताना ती "माझी लेकरं" म्हणत नसे, तेवढी नाटकी ती नव्हती. ती म्हणायची, "माझा धंदा."

सत्याण्णव सालचा श्रावण असेल. मी भाजी घेत होते, तर तिने विचारलं, "बाय, तू बोटीवर माल चढवते ना?"

"मी नाही चढवत, मावशी. मी ऑफिसात बसून कागद करते."

"तेच ते. कागदाशिवाय बोट हलते काय?"

नाही हलत. बॅलार्ड पिअरला एका क्लिअरिंग एजंटकडे मी नोकरी करत होते. परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तयार करायची, बंदरात, कस्टममध्ये, बोटीच्या कंपनीत ती फिरवायची, असं आमचं काम. मावशीची गोष्ट अशी होती की तिची धाकटी बहीण सुझान ही मठात जाऊन सिस्टर झालेली, जर्मनीत कोलोनजवळच्या एका गावात म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करायची. सुट्टीवर आली की परत जाताना बॅगेत सुकेळी भरून न्यायची. त्या गावात चर्चच्या लोकांनी चालवलेलं एक दुकान होतं. गरीब देशांतल्या लोकांकडून मधले दलाल वगळून थेट माल घ्यायचा आणि रास्त भावाने विकायचा, असं त्या दुकानाचं व्रत. तिथल्या हेल्गाबाईंना सुकेळी फार आवडली. पुढच्या वर्षी थोडी मागवून बघू, खपली तर दरवर्षी घेऊ, असं त्या म्हणाल्या होत्या.

हे ऐकून बर्नार्डने मावशीशी सौदा केला होता. ईस्टरपर्यंत तो थांबेल. तोवर परदेशातून पुढच्या वर्षाची मागणी आली तर विहीर केळीला, नाही आली तर संग्रामला. "मंग रडायचं नाय, वयनी," असंही त्याने सांगून ठेवलं होतं.

"आणि तू हो म्हणालीस?" मी विचारलं.

"मंग काय नाय म्हनू? त्याची पन पोरं हायत."

मी आमच्या साहेबांकडे गेले. प्लासिड साहेब मूळचे वसईचेच, पण वांद्र्यात वाढलेले. सगळं ऐकून ते हसले. "विनिता, मिठाचा डोंगर पाठव, कोणी विचारणार नाही. लोणच्याची एक बरणी पाठव आणि मग बघ मजा."

ते थट्टा करत होते, पण बोलत होते ते खरं होतं. इतकी वर्षं मी तेच टाइप करत आले होते. आपल्याकडून जायचं काय, तर खनिजाची माती, कातडी, गोठवलेली कोळंबी. येणार काय, तर तीच माती यंत्रं होऊन. श्रीमंतांच्या घरी कच्चा माल घेऊन गेलं तर दार सताड उघडं असतं. तोच माल आपल्या हाताने वाळवून, शिजवून, डब्यात भरून नेला की उंबरठ्यावर जकात लागते आणि शंभर प्रश्न विचारले जातात. पिकवणारा पिकवतच राहतो आणि मोठा होतो तो डबा बंद करणारा. या बाबतीत मी एकदा सुरू झाले की जयवंत रेडिओ मोठा करतो.

पण प्लासिड साहेबांनी काम घेतलं. एका मोठ्या व्यापाऱ्याच्या कंटेनरमध्ये कोपऱ्यात थोडी जागा रिकामी जाणार होती, ती त्यांनी शब्द टाकून मिळवली. आमच्या ऑफिसचे पैसेही लावले नाहीत. "गावचं काम आहे," एवढंच म्हणाले. त्या माणसाचे उपकार मी कसे विसरेन?

मग जर्मनीहून अटी आल्या. केळी मच्छरदाणीखाली वाळवायची. सोलणाऱ्यांनी डोक्याला टोपी आणि हातात मोजे घालायचे. मुंबईच्या प्रयोगशाळेत ओलावा तपासून घ्यायचा. दर रविवारी मी आगाशीची बस पकडायची आणि मावशीला एकेक अट समजावायची. मोज्यांना तिने फार विरोध केला नाही. टोपीवर मात्र ती अडली.

"इतकी वरसं ह्या केळ्यांनी माझे केस बघितले. आता लाजतात काय?"

"घाल मावशी. तिकडचे लोक लाजतात."

टोपी घालून ती इतकी गोड दिसली की बर्नार्डची बायकोदेखील तोंडाला पदर लावून हसली. पण सगळ्यात कठीण अट पानाची होती. परदेशात कुठलंही पान, गवत, साल मालाबरोबर गेलं तर त्यातून कीड येईल म्हणून ते लोक अडवतात. तेव्हा सुकेळी केळीच्या पानात बांधायची नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीत सील करून वर लेबल लावायचं. हे ऐकल्यावर तिने हातातलं पान खाली ठेवलं.

"पानाशिवाय? मंग ते सुकेळं वळखायचं कसं?"

"लेबल वाचून."

"वास येतो काय लेबलाला?"

अडले की मी चिडते. मी चिडले. "मावशी, विहीर हवी का पान हवं?" असं फाडकन विचारलं. तिने मान हलवली आणि पानांचा ढीग उचलून पडवीत नेऊन ठेवला.

त्या थंडीत तिने जी सुकेळी केली तशी मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. आभाळ जरा झाकोळलं की धावत जाऊन गोळा करायची. एकेक सुकेळं हाताने दाबून सारखं करायची. फेब्रुवारीत खोके भरले. प्रत्येक खोका मी स्वतः काट्यावर ठेवला, वजन लिहून घेतलं, टेप मारली आणि शेवटच्या खोक्यावर पत्ता चिकटवून संध्याकाळच्या बसने घरी आले. टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

मला त्या रात्री किती छान झोप लागली. इतकी वर्षं मी लोकांच्या मालाचे कागद केले, पण तो माल कुणी केला, कुठल्या अंगणात झाला, हे मला कधी ठाऊक नव्हतं. कागदावर नुसतं वजन आणि किंमत. या वेळी पहिल्यांदाच कागदामागचे हात माझ्या ओळखीचे होते. नोकरीचा असा आनंद मला मावशीने दिला.

बोट गेली. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस सुरू झाले. मावशी रोज विचारायची, "कुठवर पोचली?" आणि मी भूगोलाचं पुस्तक आठवून काहीतरी सांगायचे. मग एक दिवस ऑफिसात फॅक्स आला. प्लासिड साहेबांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्यासमोर ठेवला.

हॅम्बुर्गला माल अडकला होता. कस्टमच्या काट्यावर प्रत्येक खोका कागदातल्या वजनापेक्षा जड भरला होता. तेव्हा त्यांनी खोके उघडले. प्रत्येक खोक्यात, सील केलेल्या पिशव्यांच्या वर, एकेक पुडकं सापडलं. लेबल नाही, कागदात उल्लेख नाही, आणि वाळक्या पानात बांधलेलं. पाठवणाऱ्याने ताबडतोब खुलासा करावा.

वजनात मारलं म्हणून अडकलेला माल मी नोकरीत शेकड्याने पाहिला होता. जास्त दिलं म्हणून अडकलेला माल तो एकच.

मी अर्धी रजा टाकली आणि तडक आगाशीची बस धरली. रस्ताभर काय काय बोलायचं ते ठरवत होते. मावशी विहिरीजवळ केळीच्या आळ्यांमध्ये पाणी सोडत होती. मी तिथूनच ओरडले, "मावशी, खोके पुन्हा उघडलेस तू?"

"उघडले," ती म्हणाली. लपवायचं असं तिच्या मनातच नव्हतं. "टेम्पो यायच्या आदी. मंग टेप नीट मारली परत. का, सुटली काय?"

"आत काय घातलंस?"

"वर घातलं." मी वेडी आहे की काय अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. "पयलं गिऱ्हाईक, तेबी साता समुद्रापलीकडचं. त्याला काय मोजून मापून कोरडं पाठवायचं? आनि पानात बांधलं, म्हनजे त्यांना कळेल तरी आपलं सुकेळं कसं असते ते."

रस्ताभर ठरवलेलं सगळं राहूनच गेलं. मी पायरीवर बसले आणि मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता रडू आलं. मग तिला शांतपणे सांगितलं. तिकडे कागदात जे लिहिलंय तेच खोक्यात असावं लागतं. कमी असलं तर चोरी, जास्त असलं तरी चोरी. पानामुळे तर कीडवाल्या खात्यालाही संशय आलाय. माल परत पाठवतील, नाही तर सगळाच नष्ट करतील.

तिच्या हातातलं फावडं खाली आलं. "सगळा?"

"सगळा."

"माझ्यामुळं?"

मी तिच्या हातातलं फावडं घेऊन भिंतीला टेकवलं. बर्नार्ड पडवीतून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी संग्रामच्या माणसांनी पाईपची भेंडोळी आणून अंगणात टाकली. ईस्टर दहा-बारा दिवसांवर होता.

ते दिवस फार वाईट गेले. मावशी बाजारात यायची, पण मालाचं काही विचारायची नाही. भाजी तोलायची, वर घालायची आणि पिशवी द्यायची. प्लासिड साहेबांनी खुलासा पाठवला. पाठवणाऱ्याच्या प्रांतात गिऱ्हाईकाला थोडा जास्त माल भेट म्हणून देण्याची प्रथा आहे, यात फसवणुकीचा हेतू नाही, असं त्यांनी इंग्रजीत लिहिलं. वाचून मलाच पटेना. प्रथेचं सर्टिफिकेट कुठलं खातं देतं?

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन आला. जर्मनीहून सिस्टर सुझान बोलत होत्या. फोनवर खरखर होती, पण मराठी आगाशीची होती.

त्या हेल्गाबाईंना घेऊन स्वतः हॅम्बुर्गला गेल्या होत्या. पहाटेच्या गाडीने. कस्टमच्या अधिकाऱ्याने ती पुडकी टेबलावर मांडली आणि विचारलं, हे काय आहे? "मी गाठ बघितली," सुझान म्हणाल्या, "आमची आई मारायची तशी सोपटाची गाठ. मग सांगितलं त्याला, हे माझ्या बहिणीनं वर घातलंय." त्यांनी त्याला वर म्हणजे काय ते समजावलं. त्याला ते समजायला वेळ लागला. जास्त द्यायचं आणि त्याचे पैसे लावायचे नाहीत, यात विकणाऱ्याचा फायदा काय, हे तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. शेवटी त्याने मान हलवली आणि मार्ग काढला. पानातली पुडकी वेगळी काढायची, बाकीचा माल पुन्हा तोलायचा, कागदांशी ताडून बघायचा आणि सोडायचा. त्याने मनात आणलं असतं तर सगळंच परत पाठवता आलं असतं. त्या अनोळखी माणसाचेही मी आभार मानते. श्रीमंत देशातला काटा खोटं बोलत नाही, हे मला ठाऊक होतं. काट्यामागचा माणूस ऐकून घेतो, हे त्या दिवशी कळलं.

"आणि मागणी?" मी विचारलं. माझा आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलावरचे सगळे बघायला लागले.

"दुप्पट," सुझान म्हणाल्या. "हेल्गाबाईंनी सांगितलंय, पुढच्या वर्षी याच्या दुप्पट. पण ताईला सांग, वर नको."

मी पाच वाजेपर्यंत कशी थांबले ते माझं मला ठाऊक. आगाशीला पोचले तेव्हा सांजावलं होतं. मावशी आणि बर्नार्ड दोघंही चर्चला जायच्या तयारीत, स्वच्छ कपडे घालून अंगणात उभे होते. मी एका दमात सगळं सांगितलं. माल सुटला, पुढच्या वर्षी दुप्पट मागणी.

मावशीने क्रुसाची खूण केली. मग विचारलं, "आनि वर घातलेलं? ते कोनी खाल्लं?"

हे मला सांगायचं नव्हतं. पण तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. "जाळलं, मावशी. तिकडचा नियम आहे. पानातलं होतं ना. सुझान सिस्टरनी एक तरी खाऊ द्या म्हणून विनवलं, पण नाही."

"जाळलं?" ती म्हणाली. "खायची वस्तू?"

ती पायरीवर बसली आणि लुगड्याच्या पदरात तोंड घालून रडली. विहीर वाचली होती, मागणी आली होती, आणि ती त्या मूठभर सुकेळ्यांसाठी रडत होती. मला वाईट वाटलं, आणि तिचा अभिमानही वाटला. जगाच्या बाजारात उतरायची काय किंमत असते ते मी पुस्तकात बरंच वाचलं होतं. पायरीवर बसून ती किंमत देणारं माणूस मी त्या दिवशी पाहिलं.

बर्नार्ड उभाच होता. थोड्या वेळाने तो चपला काढून अंगणात उतरला आणि चर्चच्या पांढऱ्या सदऱ्यावरच संग्रामचे पाईप ओढत ओढत बाहेर रस्त्यावर नेऊन ठेवायला लागला. एकटाच. शेवटचं भेंडोळं जड होतं, तेव्हा मी दुसऱ्या टोकाला हात लावला.

पुढच्या वर्षीपासून खोके मावशी मोजून भरायची. आळीतल्या आणखी दोन-तीन घरांनी पुन्हा राजेळी लावली, कारण एकट्या वाडीला दुप्पट मागणी झेपेना. खोका बंद करताना तिचा हात दर वेळी थोडा थबकायचा, ते मला दिसायचं. पण तिने पुन्हा कधी वर घातलं नाही. त्याऐवजी टेम्पोवाल्याला, हमालाला, प्रयोगशाळेतल्या मुलीला आणि प्लासिड साहेबांना पानात बांधलेली सुकेळी मिळायला लागली. साहेबांना तर एवढी मिळाली की त्यांनी वांद्र्यात चार ठिकाणी गिऱ्हाईक लावून दिलं. जर्मनीची मागणी सात-आठ वर्षं टिकली. मग हेल्गाबाई थकल्या, ते दुकान बंद झालं. तोवर मुंबईतच सुकेळ्यांना विचारणारे तयार झाले होते. बर्नार्डच्या घरावर नवीन छप्पर आलं आणि धाकट्या मुलाने मच्छरदाणीच्या जागी वाळवणीसाठी जाळीची खोलीच बांधली.

दोन हजार सातच्या मे महिन्यात कॉलेजात गेलेल्या स्वप्नाला घेऊन मी वाडीवर गेले. आमच्याकडे तोवर नळाला पाणी यायला लागलं होतं आणि टँकर दिसेनासे झाले होते. विहिरीपाशी पाहते तर हंड्या-कळश्यांची रांग. आळीतल्या बायका उभ्या होत्या, आणि सत्तरीला आलेला बर्नार्ड स्वतः रहाट ओढून एकेकीचा हंडा भरून देत होता.

मी मावशीला विचारलं, हे काय? तिने केळी सोलता सोलता सांगितलं. वर्षानुवर्षं पंप लावून आळीतल्या विहिरी उपसल्या. समुद्र हाकेच्या अंतरावर. गोडं पाणी खाली गेलं तसं जमिनीच्या पोटातून खारं पाणी आत शिरलं. मावशीची विहीर केळीपुरतीच उपसली म्हणून तगली; बाकीच्यांच्या विहिरींचं पाणी आता तोंडात धरवत नाही, केळी करपली, आणि सरकारी नळ या आळीपर्यंत अजून पोचलेला नाही. संग्रामही कधीच दुसऱ्या गावाला निघून गेला होता.

बर्नार्डने आम्हाला पाहून रहाट थांबवला. स्वप्नाला ओंजळ करायला सांगितली आणि पोहऱ्यातून पाणी घातलं. ती प्यायली आणि म्हणाली, "गोड आहे, आजोबा."

"तुझ्या आईनं आनि आमच्या वयनीनं राखलं म्हनून," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा बोलून दाखवलं. मावशीने मान वर केली नाही, पण तिचे केळी सोलणारे हात थांबले.

मी गमतीने विचारलं, "काका, पाण्याचे पैसे घेता की नाही?"

त्याने रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तवा घेनार होतो. सगळं पानी इकून मोकळा झालो असतो. मंग आज हंडा घेऊन मी कोनाच्या दारात उभा राह्यलो असतो?"

मी आळीवरून नजर फिरवली. गोड्या पाण्यासाठी त्याला जायला दुसरं एकही दार तिथे नव्हतं.